‘जरा सरकता का?’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

इंदूरच्या सिटी बस, मॅजिक (सवाऱ्या घेत चालणारी छोटी व्हॅन), ई-रिक्षा, रेल्वे आणि आता मेट्रो यांतल्या सहप्रवाशांबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बस वेळेवर येत नाही, एसी चालत नाही अशी पत्रं बाजूला ठेवली आहेत, कारण त्याचं उत्तर आमच्याकडे नाही. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. नावं न छापता फक्त वस्ती दिली आहे.

वय 36, कमरेत स्लिप डिस्क. पण दिसायला मी ठणठणीत. बसमध्ये आशेने बघत उभी राहते, कुणी उठत नाही. मागायची लाज वाटते. काय करावं?
(टिळक नगर)

नुसतं बघून जागा मिळत नाही. समोरच्याला तुमचं दुखणं दिसत नसतं. आणि बसमध्ये अनोळखी माणसाकडे टक लावून बघायचं नाही हे आपण सगळेच पाळतो, त्यामुळे तुमची नजर वाचायलाही कुणी वर बघत नाही. तोंडाने मागावं लागतं.

मागितलं तर मिळतं का, याची मोजणी झालेली आहे. स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आपल्या विद्यार्थ्यांना धाडलं. धडधाकट तरुण पोरांनी बसलेल्या माणसाला इतकंच म्हणायचं : ‘माफ करा, मला तुमची जागा मिळेल का?’ कारण काही सांगायचं नाही. 68 टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली. दुसऱ्या फेरीत एक फुसकं कारण जोडलं, ‘उभं राहून मला पुस्तक वाचता येत नाही’. तेव्हा आकडा 42 टक्क्यांवर आला. म्हणजे सबब लंगडी असेल तर समोरच्याला नकार द्यायला आयती फट मिळते. आणि लाजेचं म्हणाल, तर मिलग्रॅम स्वतः मागायला गेले तेव्हा शब्द त्यांच्याही घशात अडकले होते.

तुमचं कारण खरं आहे, ते एका वाक्यात सांगा आणि थांबा. ‘भिया, कमर की तकलीफ़ है, बैठने देंगे?’ एवढं पुरे. एमआरआयमध्ये काय निघालं, डॉक्टर काय म्हणाले, हे सुरू केलंत की ऐकणारा अवघडतो आणि खिडकीबाहेर बघायला लागतो. सगळ्या बसला उद्देशून ‘कोई सीट दे दो’ असं कधी म्हणू नका. पंधरा जणांना सांगितलेलं काम प्रत्येकाला उरलेल्या चौदांचं वाटतं. एकाच माणसाची निवड करा : जागा असलेला, मांडीवर मूल किंवा मोठं सामान नसलेला, कानात इयरफोन नसलेला. फार दुरून हाक मारू नका, जवळ जाऊन सांगा.

कमरेच्या रुग्णाने कोणती जागा मागावी हेही महत्त्वाचं आहे. मागच्या चाकांच्या मागे असलेली शेवटची रांग गतिरोधकावर सगळ्यात जास्त उसळते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात धक्के कमी बसतात. मागे जागा रिकामी दिसली तरी मध्ये उभं राहून मधलीच मागा.

जागा महिलांसाठी राखीव असेल आणि तिथे पुरुष बसला असेल, तर दुखण्याचा उल्लेखही नको. ‘ये लेडीज़ सीट है, मुझे बैठना है’ एवढंच म्हणा. तो हलला नाही तर कंडक्टरला सांगा, स्वतः वाद घालू नका. साध्या जागेवर कुणी नाही म्हणालं, तर मात्र मुकाट्याने पुढच्या माणसाला विचारा. त्याचंही एखादं न दिसणारं दुखणं असू शकतं, तुमच्यासारखंच.

याच पत्राला जोडून एका कॉलेजकुमाराने विचारलंय, की आजींना जागा देऊ केली की त्या ‘असू दे, असू दे’ करत राहतात आणि तेवढ्यात तिसराच कुणी बसतो. आधी उठायचं, मग बोलायचं. उठल्यावर लगेच बाजूला व्हायचं नाही, आजी टेकेपर्यंत रिकाम्या जागेच्या तोंडाशी उभं राहायचं.

दाराशी चेंगराचेंगरी आणि बसचा मागचा भाग मोकळा, असं का? उतरताना तर धक्काबुक्कीच होते.
(राजेंद्र नगर)

भीतीपोटी. आत गेलो तर आपला थांबा निघून जाईल, म्हणून माणूस दारात रोवून उभा राहतो. ही भीती घालवणारी रीत आपल्याकडे जुनी आहे, फक्त ती वेळेवर वापरली जात नाही. पुढच्या माणसाला विचारायचं : ‘रीगल उतरोगे?’ तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं. नाही म्हणाला तर दोघांनी जागा बदलायची. तुमचं विचारून झालं की तो स्वतःच्या पुढच्याला विचारतो, आणि दोन मिनिटांत दारापर्यंत उतरणाऱ्यांची रांग तयार होते. हा प्रश्न थांबा आल्यावर ओरडून उपयोग नाही. आधीचा थांबा सुटला की लगेच विचारा. पलासियाला उतरायचं असेल तर गीता भवन सुटताच. बस थांबल्यावर विचारलंत की समोरचा हलायला बघतो, पण त्याला हलायला जागाच उरलेली नसते.

दुसरं कारण पाठीवरची सॅक. भरलेली सॅक जवळपास एका माणसाची जागा खाते, आणि तिच्या मालकाला ती कुणाच्या नाकाला लागतेय हे कळतही नाही. ती पोटावर घ्या किंवा दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवा. उभं राहताना दोन्ही पाय एकमेकांना चिकटवू नका. एक पाय थोडा पुढे, एक मागे, अंग जरा तिरकं आणि एक हात वरच्या दांडीला. ब्रेक लागला की शरीर पुढे जातं, बाजूला नाही. पाय पुढे-मागे असतील तर तोल सावरतो आणि पुढच्याच्या पाठीवर आपण आदळत नाही. हाताला धरायला काहीच नसेल तर दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेपेक्षा एखाद्या सीटच्या पाठीला टेकलेलं बरं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मार्ग, 2013 साली सुरू झाला, तेव्हा मधल्या स्थानकांत तिकीट आधी काढायचं आणि बसच्या पातळीच्या फलाटावरून आत शिरायचं, अशी सोय होती. पायरी नाही, सुट्ट्या पैशांची घासाघीस नाही. तिथे लोक जास्त शिस्तीत वागत होते असं अनेकांना वाटतं. आमच्या मते माणसं तीच होती, तिथली मांडणी चांगली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टाने तो मार्ग काढायला मंजुरी दिली. रस्त्याकडेच्या थांब्यावर पायऱ्या चढाव्या लागतात, कंडक्टरलाही गर्दीतून वाट काढावी लागते, त्यामुळे चढायला वेळ जास्त लागतो. म्हणून चढण्यापूर्वीच पैसे हातात काढून ठेवा. पायरीवर उभं राहून पर्स उघडणारा एक प्रवासी मागच्या दहांना रस्त्यावर अडकवतो.

मेट्रोत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सुपर कॉरिडॉरवरचा सुमारे 6 किलोमीटरचा, 5 स्थानकांचा टप्पा 31 मे 2025 ला सुरू झाला. तिथले दरवाजे आपोआप मिटतात, ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही. फलाटावर दाराच्या दोन्ही अंगांना उभे राहा, मधली वाट उतरणाऱ्यांना सोडा. दार मिटताना हात किंवा पिशवी मध्ये घालू नका. दार पुन्हा उघडावं लागलं की सगळी गाडी खोळंबते.

बऱ्हाणपूरहून शिकायला आलो आहे, भंवरकुआंला राहतो. बसमध्ये लोक पैसे हातोहात पुढे देतात. माझ्याकडे आलेली 50 ची नोट मी पुढे दिली, आणि नंतर ‘बाकीचे कुठे?’ म्हणून मलाच विचारलं. चूक कुणाची? आणि ई-रिक्षात दाटीवाटीने कसं बसायचं?

पाठवणाऱ्याची, कारण त्याने नोटेबरोबर निरोप दिला नाही. हातोहात पैसे देण्यात चार गोष्टी बोलायच्या असतात : किती जण, कुठून, कुठे आणि नोट केवढी. ‘भंवरकुआं से दो पलासिया, पचास का है.’ मधल्याने नोट पुढे देताना हे वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. नोट केवढी हे मोठ्याने म्हटलं की चार-पाच जण साक्षीदार होतात आणि नंतर 50 ची 20 होत नाही. तिकीट आणि उरलेले पैसे परत येताना पाठवणाऱ्याने हात वर ठेवावा, कारण मधल्याला मागे वळून तोंड ओळखत बसायला वेळ नसतो.

मधल्या माणसाने नोट स्वतःच्या मुठीत धरून ठेवू नये. ताबडतोब पुढे द्यावी किंवा ‘मैं नहीं दे पाऊँगा’ म्हणून परत करावी. परत केली म्हणून कुणी रागावत नाही. 100 च्या वरची नोट या वाटेने पाठवूच नका. कंडक्टर जवळ येईपर्यंत थांबा, किंवा स्कॅन करून पैसे द्या. स्कॅन करताना रक्कम गेल्याची खूण कंडक्टरला दाखवून मगच तिकीट घ्या. नेट अडकलं तर ‘दोन मिनिटांत जातील’ म्हणून वाद होतात, म्हणून 10–20 च्या दोन-तीन नोटा खिशात असलेल्या बऱ्या.

तुम्ही ई-रिक्षाबद्दलही विचारलंय. नियमाने तिच्यात ड्रायव्हर सोडून चार सवाऱ्या आणि सगळ्यांचं मिळून 40 किलो सामान चालतं. पाचवा बसला की सगळ्यांचे गुडघे एकमेकांत अडकतात. समोरासमोरच्या बाकावर दोघांनीही आपापल्या डावीकडे गुडघे वळवले तर ते एकमेकांना घासत नाहीत, बाजूने निघून जातात. हे सहसा कुणाला सांगावं लागत नाही, एकाने वळवले की दुसराही वळवतो. मॅजिकमध्ये मधली जागा कुणालाच नको असते. शेवटपर्यंत जाणाऱ्याने आत बसावं, लवकर उतरणाऱ्याने कडेला. चढताच ‘मुझे नवलखा उतरना है’ असं मोठ्याने सांगितलं की बाकीचे आपोआप आत सरकतात.

मुलगी कॉलेजला बसने जाते. गर्दीत एकजण अंगाला खेटतो, ती गप्प राहते. ‘चुकून लागलं असेल तर?’ असं तिला वाटतं. तिने नेमकं काय करावं?
(सुदामा नगर)

चुकून आणि मुद्दाम यांतला फरक ओळखायची सोपी कसोटी आहे. हातभर बाजूला सरकायचं, अंगाचा कोन बदलायचा आणि मध्ये पिशवी धरायची. चुकून लागलेला स्पर्श तिथेच तुटतो. मुद्दाम करणारा माणूस नव्या जागेपर्यंत मागे येतो. दुसऱ्यांदा आला तर शंकेचा फायदा द्यायचं कारण उरत नाही. पण एक लक्षात ठेवा : पहिल्याच वेळी हात जिथे नको तिथे असेल, तर कसोटी लावत बसायची गरज नाही.

मग बोलायचं. मोठ्याने, छोट्या वाक्यात, आणि कपड्याचा रंग सांगून. ‘नीली शर्ट, हाथ हटाओ.’ यात तीन गोष्टी साधतात : त्याला कळतं की आपण ओळखले गेलो, इतरांना कळतं की कोण, आणि काय घडलं तेही कळतं. ‘क्या कर रहे हो’ असा मोघम प्रश्न विचारला की तो ‘क्या किया मैंने?’ म्हणतो आणि भांडण त्याच्या सोयीच्या वाटेला जातं. त्याच्या उत्तराला उत्तर देऊ नये. तेच वाक्य पुन्हा म्हणावं आणि ड्रायव्हरच्या दिशेने सरकावं. ड्रायव्हरच्या मागची जागा सगळ्यात सुरक्षित असते, कारण तिथे आरशातून नजर असते आणि गाडी थांबवणारा माणूस हाताच्या अंतरावर असतो.

तो मागोमाग उतरेल अशी भीती असेल तर निर्जन थांब्यावर उतरू नये. पुढे गर्दीच्या चौराह्यावर, दुकानं उघडी असतील तिथे उतरावं आणि आधीच घरच्यांना फोन करून थांब्याचं नाव मोठ्याने सांगावं. 112 वर फोन करताना बसचा नंबर, कुठून कुठे चालली आहे आणि शेवटचा सुटलेला थांबा या तीन गोष्टी सांगितल्या की पोलिसांना गाडी शोधायला सोपं जातं. बसचा नंबर चढतानाच फोनमध्ये टिपायची सवय मुलीला लावा, नंतर गर्दीत तो दिसत नाही.

लैंगिक हेतूने केलेला नको असलेला स्पर्श हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, कारण झीरो एफआयआर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे.

आता बाकीच्या प्रवाशांसाठी, म्हणजे या सदराच्या बहुतेक वाचकांसाठी. बघे गप्प का राहतात यावर जॉन डार्ली आणि बिब लॅटने यांनी 1968 पासून प्रयोग केले. एकटा माणूस लवकर मदतीला धावतो, आजूबाजूला माणसं वाढली की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. म्हणून कुणीतरी पहिलं हलणं महत्त्वाचं. मारामारी करायची गरज नाही, उलट त्यात मुलीचाच प्रश्न बाजूला पडतो. दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहा आणि त्या माणसाशी न बोलता मुलीशीच बोला : ‘बेटा, गीता भवन निकल गया क्या? इधर आ जाओ, यहाँ जगह है.’ साध्या प्रश्नाने ती एकटी नाही हे बसला कळतं, आणि तिला तिथून निघायला निमित्त मिळतं. नंतर तिला विचारा, ‘कंप्लेंट करनी हो तो मैं रुकूँ?’ निर्णय तिचा. तिने नको म्हटलं तर उपदेश नको.

रोज सकाळी थांब्यावर तेच सहा-सात चेहरे असतात. वर्षं झाली, कुणी कुणाशी बोललेलं नाही. मी निवृत्त शिक्षक, मला बोलायला आवडेल. पण आता इतक्या दिवसांनी कसं सुरू करणार?
(लोकमान्य नगर)

तुमची अडचण नेमकी ‘इतक्या दिवसांनी’ हीच आहे. वर उल्लेख आलेल्या मिलग्रॅमनीच 1972 मध्ये अशा माणसांबद्दल लिहिलं होतं : चेहरा पाठ, नाव माहीत नाही. न बोलता जितका काळ जातो तितकं पहिलं वाक्य जड होतं, कारण आता बोलायला काहीतरी कारण लागतं. पण हीच दोन माणसं दुसऱ्या गावी भेटली तर हसून बोलतात. किंवा नेहमीच्या जागी काहीतरी बिनसलं तर. पाऊस, संप, बंद पडलेली बस. रंगपंचमीच्या गेर या मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात, त्या दिवशी सगळा थांबा एकमेकांशी बोलतो.

म्हणून पहिलं बोलणं बसबद्दलच असू द्या. ‘आठ पचासची गेली का?’ याचं उत्तर द्यायला कुणालाच संकोच वाटत नाही. त्याआधी काही दिवस नुसती मान हलवून ओळख द्या. आणि सुरुवात थांब्यावर करा, बसमध्ये नको. थांब्यावर नको वाटलं तर माणूस चार पावलं लांब जाऊ शकतो. सीटवर शेजारी बसलेल्याला पळता येत नाही, म्हणून तो आधीच सावध असतो.

लोकांना बोलणं आवडतं का, याचंही उत्तर आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल आणि बस प्रवाशांवर केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोललेल्यांचा प्रवास अधिक आनंदाचा झाला. गंमत म्हणजे, आधी विचारलं तेव्हा लोकांनी उलटं भाकीत केलं होतं. त्यांना वाटत होतं की समोरच्यालाच बोलायचं नसेल. पण यावरून सरसकट सगळ्यांना बोलतं करायला निघू नका. शेजारी एका शब्दात उत्तर देतोय, उलट प्रश्न विचारत नाही, खांदा खिडकीकडे वळलाय किंवा इयरफोन परत कानात गेलाय, यांतल्या दोन खुणा दिसल्या की थांबा. बाई एकटी असेल आणि तुम्ही पुरुष असाल तर एकच खूण पुरेशी समजा.

आणि निवृत्त शिक्षकांना एक आगाऊ सूचना. इंदुरात मराठी माणूस भेटला की आपला दुसरा प्रश्न ‘आडनाव काय?’ आणि तिसरा ‘म्हणजे मूळचे कुठले?’ असतो. विचारणाऱ्याला तो जिव्हाळा वाटतो, पण समोरच्याला कळतं की आपली जात चाचपली जातेय. नाव त्याने सांगितलं तर घ्या. गप्पांसाठी सराफ्यातली जिलबी, पाणी कोणत्या टाकीवरून येतं, मेट्रोचे खड्डे, हे विषय पुष्कळ आहेत.

आम्ही मैत्रिणी बसमध्ये मराठीतून बिनधास्त बोलतो, आजूबाजूच्यांबद्दलही. परवा शेजारची बाई उतरताना ‘चला, येते हं’ म्हणाली! आता तोंड कसं दाखवायचं?
(रामबाग)

त्या बाईंना दाद द्या. होळकरांच्या या शहरात मराठी कळणारे फक्त रामबाग आणि टिळक नगरात राहत नाहीत. शेजारच्या मराठी घरात खेळून मोठे झालेले, मराठी सुना असलेले, खंडवा-बऱ्हाणपूरकडचे, असे कितीतरी लोक सगळं समजतात आणि चेहऱ्यावर दिसू देत नाहीत. पुन्हा भेटल्या तर ‘त्या दिवशी जरा जास्तच बोललो’ एवढं म्हणा. पुढे लांबण लावू नका.

इंदूर-पुणे गाडीत वरचेवर जावं लागतं. दोन प्रश्न. खालच्या बर्थवाला संध्याकाळी सातलाच आडवा होतो, आम्ही बसायचं कुठे? आणि सहप्रवासी आग्रहाने खायला देतात, नाही कसं म्हणावं?
(स्नेहलतागंज)

झोपायची वेळ रेल्वेच्या नियमाने रात्री 10 ते सकाळी 6. त्याआधी आणि नंतर खालच्या बर्थवर इतरांनाही बसायचा हक्क आहे. आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना मात्र जास्त वेळ झोपू द्यावं असंही त्यातच म्हटलं आहे. उलट बाजूने, 10 नंतर मधला बर्थ उघडायला खालचा प्रवासी नाही म्हणू शकत नाही, आणि साइड अपरवाल्याला रात्री साइड लोअरवर बसायचा हक्क राहत नाही. भांडण बहुतेक वेळा आठ ते दहा या वेळात होतं. म्हणून गाडी सुटल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, सामान लावताना, सगळ्यांसमोर विचारून टाका : ‘जेवणं नऊपर्यंत उरकून साडेनऊला बर्थ लावूया का?’ तेव्हा सगळे ताजे असतात, लगेच हो म्हणतात. साडेआठला, डोळ्यांवर झोप आलेल्या माणसाला नियम ऐकवून काही होत नाही. तरी अडलं तर टीटीई, तोही नसेल तर रेल्वेची मदतवाहिनी 139.

खाण्याचं म्हणाल, तर अनोळखी माणसाकडून खाऊ नका असं रेल्वे स्वतः सांगते, कारण गुंगीचं औषध घालून लुटल्याच्या घटना घडल्या आहेत. नकार देताना आपण हमखास ‘उपास आहे’ म्हणतो. इंदूरच्या गाडीत हे चालत नाही, समोरून लगेच साबुदाण्याच्या खिचडीचा डबा निघतो. सरळ म्हणावं, ‘बाहेरचं चालत नाही मला, पण तुम्ही जेवा.’ ‘बाहेरचं’मध्ये समोरच्याचा डबा येत नाही की येतो, यावर कुणी वाद घालत नाही. दुकानातलं सीलबंद पाकीट समोर फोडलं तर घ्यायला हरकत नाही. उघडी बाटली, आधीच ओतलेला चहा, सोललेलं फळ यांना नाहीच म्हणा.

गप्पांत दोन गोष्टी सांगू नका : घर किती दिवस बंद आहे, आणि पुण्याला उतरवून घ्यायला कुणी येणार नाही. मुलगा काय करतो, सून कशी आहे, हे खुशाल सांगा.

शेजारी मोठ्या आवाजात रील बघत असतो. काय म्हणावं?
(अन्नपूर्णा रोड)

‘भिया, आवाज़ थोड़ी कम कर लो, सिर दुख रहा है.’ एकदा, हळू, फोनकडे बोट दाखवून. बंद करा म्हणू नका, कमी करा म्हणा. कमी करायला सांगितलं की बहुतेक जण बंदच करतात. आवाज पुन्हा वाढला तर कंडक्टर. टोमणा मारलात तर आवाज नक्की वाढतो.

दीड वर्षाची मुलगी कडेवर असते. लोक गाल ओढतात, पापे घेतात, फोटोही काढतात. वाईट न वाटू देता कसं थांबवू?
(सुखलिया)

खिडकीशी बसा आणि तिचं तोंड आपल्याकडे करा. निम्मे हात तिथेच थांबतात. हात पुढे आलाच तर आपला तळवा मध्ये आणून तिचाच हात टाटा करायला हलवा. समोरच्याला मुलीचा प्रतिसाद मिळतो, त्याचं समाधान होतं. पाप्याला ‘सर्दी है इसको’ हे पुरतं. फोटोला मात्र लाजू नका. ‘फोटो मत लीजिए’ असं स्पष्ट म्हणा, आणि काढलाच असेल तर समोर डिलीट करून घ्या.

सीटवर कुणाचा तरी फोन विसरलेला सापडला तर कुणाकडे द्यावा?
(मूसाखेडी)

उघडायचा प्रयत्न करू नका, बंदही करू नका. मालक फोन लावणारच, तो आला की उचला. ‘तुमचा वॉलपेपर काय आहे, कव्हर कोणत्या रंगाचं?’ हे विचारून मगच कुठे भेटायचं ते ठरवा, आणि भेट चौराह्यावर ठेवा, घरी बोलावू नका. तुम्हाला उतरायचं असेल तर कंडक्टरकडे द्या, पण दोन प्रवाशांसमोर, आणि बसचा नंबर व वेळ टिपून. पुढचा फोन आला की कंडक्टरने तो उचलावा एवढं त्याला सांगून ठेवा. फोन नसून बेवारस बॅग असेल तर हात लावू नका. ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगा, सगळ्यांना उतरवा आणि 112 लावा.